डिसरप्ट, म्हणजे बाजार उठवणे

आमच्या धंद्यात शब्द साथीसारखे येतात. एकाला लागण झाली की महिनाभरात अख्खा मजला खोकायला लागतो. 'सिनर्जी' येऊन गेली, 'पॅराडाइम शिफ्ट' येऊन गेला. 'डिसरप्ट' मात्र आला तो मुक्कामालाच. कुठल्याही स्टार्टअपचं सादरीकरण उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर हे क्रियापद मांडी घालून बसलेलं असतं. कोणी किराणा डिसरप्ट करतंय, कोणी शिकवण्या, कोणी इस्त्रीचे कपडे. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद असतो की वाटावं, ज्याला डिसरप्ट करणार आहेत तोही खूश होऊन पेढे वाटणार.

एखादा शब्द फार कानावर यायला लागला की त्याचं मराठी करून बघायची मला खोड आहे. शब्दाची हवा जाते आणि आत काय भरलंय ते दिसतं. 'मार्केट डिसरप्ट करणे' याच्या मराठीसाठी शब्दकोशसुद्धा उघडावा लागत नाही. आपल्याकडे वाक्प्रचार तयार आहे: बाजार उठवणे. मूळ अर्थ अगदी साधा. आठवडी बाजार संध्याकाळी उठतो, ताडपत्र्या गुंडाळल्या जातात, उरलेली कोथिंबीर फुकट मिळते. पण अमक्याने तमक्याचा 'बाजार उठवला' असं म्हटलं, की तो तमका धंद्यातून गेला, अब्रूतूनही गेला, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. आता तीच स्लाइड मराठीत वाचा. "आम्ही पुण्यातल्या किराणा दुकानदारांचा बाजार उठवणार आहोत." टाळ्या वाजवताना हात जरा जड होतात ना?

इथे इंग्रजी वाईट आणि मराठी थोर असला काही मुद्दा नाही. इंग्रजी शब्दाच्या पोटातही तीच मोडतोड आहे. लॅटिनमध्ये 'रुम्पेरे' म्हणजे तोडणे, फोडणे. 'डिस' म्हणजे वेगवेगळ्या दिशांना. डिसरप्ट म्हणजे तोडून तुकडे वेगळे करणे. हे खानदानच तोडफोडीचं आहे. रप्चर म्हणजे फाटणं, इरप्शन म्हणजे फुटून बाहेर येणं, करप्ट म्हणजे पार मोडून गेलेलं. बँकरप्ट म्हणजे ज्या सावकाराचं बाकडं मोडलं तो. (इटलीत पैशांचे व्यवहार बाकड्यावर बसून चालत, त्यावरून आलेला शब्द.)

या खानदानातला एक भाऊ आपल्या ओळखीचा आहे: इंटरप्ट. कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पेपरात यावर हमखास प्रश्न असायचा. प्रोसेसर आपलं काम करत असतो, मध्येच कोणीतरी दार वाजवतं. प्रोसेसर काय करतो? जिथे होता तिथला पत्ता लिहून ठेवतो, रजिस्टरमधल्या किमती जपून ठेवतो, दार उघडून आलेल्याचं काम करतो आणि मग जिथून उठला तिथेच परत येऊन बसतो. इंटरप्टमध्ये परतीचा पत्ता असतो. डिसरप्टमध्ये नसतो. माझ्या मते या दोन शब्दांतला सगळा फरक एवढाच आहे, आणि तो लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे.

इलेक्ट्रिकलवाल्या मित्रांना आणखी एक ओळखीची जागा आठवेल. पॉवर सिस्टिमच्या पुस्तकात 'क्रिटिकल डिसरप्टिव्ह व्होल्टेज' नावाचं प्रकरण असतं. उच्च दाबाच्या तारेभोवतीची हवा एरवी विजेला अडवून धरते. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ती हवाच मोडते. तारेतून सूं सूं आवाज येतो, अंधारात जांभळट उजेड दिसतो. तिथे हा शब्द अजून आपल्या मूळ अर्थाला धरून आहे. काय मोडलं? हवा. कितीला मोडली? अमुक इतक्या किलोव्होल्टला. उपमा नाही, रूपक नाही, आकडा आहे.

मग आपण मराठी लोक रोजच्या भाषेत 'डिसरप्ट'ला काय म्हणतो? वर्तमानपत्र काढा. "मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत झाली." "वीजपुरवठा खंडित झाला." "जनजीवन कोलमडलं." गंमत बघा, ही सगळी वाक्यं 'झालं'ची आहेत, 'केलं'ची नाहीत. वाहतूक झाली विस्कळीत, कोणी केली ते विचारू नका. पाऊस असेल, सिग्नल असेल, कर्म असेल. आपल्या छापील मराठीत डिसरप्शनला कर्ता नसतो. स्टार्टअपच्या इंग्रजीत बरोबर उलटं. तिथे कर्ता सूट घालून मंचावर उभा असतो, पण कर्माचा पत्ता नाही. कोणाला डिसरप्ट केलं? 'इंडस्ट्री'ला. इंडस्ट्री नावाच्या माणसाला बायको-पोरं नसतात, त्यामुळे कोणाला काही लागत नाही.

म्हणून मला अशी एक गोष्ट हवी होती, जिथे कर्ता आणि कर्म दोन्ही लख्ख दिसतात. मोडणारा कोण, मोडलं काय, आणि किंमत कोणी दिली, हे तिन्ही. ती सापडायला सिलिकॉन व्हॅलीत जावं लागत नाही. कल्याणहून मुरबाडची एसटी पकडली तरी पुरतं.

मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या भिंतीला चिकटून सिद्धगड आहे. ट्रेकवाल्यांना माहीत असतो. नारिवलीच्या बाजूने चढायचं, माचीवर सिद्धगडवाडी लागते, वर बालेकिल्ला, मागे भीमाशंकरचं रान. पावसाळ्यात फोटो झकास येतात. पायथ्याच्या रानात एक स्मारक आहे, ते मात्र बरेच जण चालता चालता ओलांडून पुढे जातात. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे या रानात दोन माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील. त्यांचा गुन्हा काय, तर मुंबईची वीज डिसरप्ट केली. अगदी शब्दशः.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले. त्या काळात त्या घरातून वकील होणं म्हणजे काय, याची कल्पना करा. मुंबईत पाटी लावून आरामात बसता आलं असतं. ते माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले आणि कर्जत-मुरबाडच्या वाड्यावस्त्यांवर शेतकऱ्यांत, आदिवासींत काम करत राहिले. त्यातल्या एका कामाकडे मी थोड्या वेळाने परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं.

८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पुढारी तुरुंगात. मग खालच्या लोकांनी आपापल्या अकलेनुसार जे सुचलं ते केलं. भाई भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी हे त्यातले खंदे लोक. दस्त्याने लक्ष्य निवडलं ते विजेच्या मनोऱ्यांचं. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत ११ मनोरे पाडले गेले. गिरण्या आणि रेल्वे यांना फटका बसला. सरकारने भाईंना पकडून देणाऱ्याला २५०० रुपयांचं इनाम लावलं.

इंजिनिअर म्हणून ही निवड बघितली की दाद द्यावीशी वाटते. तेव्हाची मुंबई बरीचशी पाण्याच्या विजेवर चालत होती. टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. घाटावर पाणी अडवायचं, खाली कोकणात पाडायचं, आणि तारांवरून वीज मुंबईला न्यायची. १९२५ पासून मुंबईत विजेची रेल्वेसुद्धा धावत होती. केंद्राला पहारा असतो, गिरणीला भिंत असते. मधल्या मैलोन् मैल तारांना काय असतं? डोंगर आणि झाडी. साखळीचं सगळं बळ तिच्या कमजोर कडीइतकंच, आणि इथे तर शेकडो कड्या उघड्यावर उभ्या. आजच्या आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर रूमला तीन कुलपं आणि केबल मात्र रस्त्यावर.

आणखी एक गोष्ट. त्या तारा ज्या गावांच्या डोक्यावरून जात होत्या, त्या गावांत वीज नव्हती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळ्या देशात मिळून साधारण दीड हजार खेड्यांत वीज पोचली होती, त्यावरून अंदाज करा. म्हणजे घाटावरचं पाणी, वाटेतली रानं, मनोरे उभे करायला लागलेली जमीन आणि हात, हे सगळं इथलं, आणि उजेड मुंबईला. मनोरा पडला तेव्हा या वाड्यांत काही विस्कळीत झालं नसणार. त्यांचा कंदील काही तारेवर नव्हता.

इथपर्यंत वाचून काही जणांच्या मनात येईल, की हे सगळं शूरपणाचं ठीक आहे, पण तोडफोड ती तोडफोडच. हा प्रश्न त्या लोकांनाही पडला होता, आणि आपल्यापेक्षा जास्त गंभीरपणे पडला होता. पुढारी तुरुंगात गेल्यावर 'हरिजन'ची जबाबदारी आली किशोरलाल मशरुवालांवर. ऑगस्ट १९४२ मध्येच त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की माणसाच्या जिवाला धोका पोचणार नाही याची पुरेपूर काळजी घेत असाल तर अशा लढ्यात तारा तोडणं, रूळ काढणं याला हरकत घेता येत नाही. गांधीजींना मात्र हे पटलं नाही. पूल आणि रूळ उखडणं अहिंसेत बसत नाही, असंच त्यांनी तुरुंगातून कळवलं.

कोणाचं बरोबर ते तुम्ही ठरवा. मला तो वादच फार मोलाचा वाटतो. त्या वादात कोणी 'डिसरप्ट' हा शब्द हवेत सोडून दिला नाही. काय मोडायचं? तार चालेल का? रूळ चालेल का? रूळ काढला आणि गाडी आली तर? गाडीत कोण बसलेलं असेल? एकेका वस्तूचं नाव घेऊन भांडण झालं. आमच्याकडच्या कुठल्या प्रॉडक्ट मीटिंगमध्ये असं भांडण ऐकलंय? "आपण हे आणलं तर शेजारच्या दुकानातला पोऱ्या काय करेल?" असं विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगचं बोलावणं येणार नाही, एवढं नक्की.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर संपता संपता दस्ता सिद्धगडच्या जंगलात होता. खबर फुटली. हॉल नावाच्या पोलिस अधिकाऱ्याच्या हाताखालच्या तुकडीने २ जानेवारीला पहाटे वेढा घातला. हिराजी पाटील गोळी लागून पडले. भाई कोतवाल जखमी झाले, आणि त्यांना जवळून गोळी घालून मारलं. वय वर्षं तीस. आमच्याकडे त्या वयात माणूस टीम लीड होतो आणि अप्रेझलमध्ये किती टक्के मिळाले यावर दोन महिने रुसून बसतो.

आता तो इंटरप्टचा धडा आठवा. पाडलेले मनोरे पुन्हा उभे राहिले. तारा ओढल्या गेल्या, गिरण्यांचे भोंगे वाजले, लोकल धावल्या. विजेच्या दृष्टीने बघितलं तर हा इंटरप्टच होता, परतीच्या पत्त्यासकट. परतीचा पत्ता नव्हता तो दोन घरांना. म्हणजे ज्यांनी मोडलं, त्यांनी समोरच्याच्या पदरात इंटरप्ट टाकला आणि डिसरप्ट स्वतःकडे ठेवला. या शब्दाचा याहून स्वच्छ वापर मला तरी माहीत नाही.

आणि आता ते राहिलेलं काम. मनोऱ्यांच्या आधी भाई कोतवालांनी गावोगाव धान्यकोठ्या काढल्या होत्या. हे समजायला त्या पट्ट्यातला पावसाळा समजायला हवा. भात कापणीनंतर घरात येतं आणि आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते. पोटाला तर लागतंच. मग सावकाराकडून धान्य उचलायचं आणि कापणीला सवाईने नाहीतर दिढीने परत करायचं. म्हणजे एक मण घेतलं की सव्वा किंवा दीड मण द्यायचं, तेही चारेक महिन्यांत. आपल्या क्रेडिट कार्डवाल्यांनाही लाज वाटेल असा दर. परत करून कणगी पुन्हा लवकर रिकामी, की पुन्हा सावकार. अडल्या माणसाला सावकाराच्या दारात जावं लागू नये, म्हणून गावाचीच धान्यकोठी.

हे वाचताना माझ्या डोक्यात घंटा वाजली, ती क्लेटन ख्रिस्तेन्सन यांच्या नावाची. 'डिसरप्टिव्ह' हा शब्द धंद्याच्या भाषेत आणला तो या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी. आधी १९९५ चा लेख, मग १९९७ चं 'इनोव्हेटर्स डिलेमा' हे पुस्तक. त्यांची कल्पना बरीच काटेकोर होती. मोठ्या कंपन्या आपल्या श्रीमंत गिऱ्हाइकांच्या मागे धावतात. तळाच्या गिऱ्हाइकाकडे कोणाचं लक्ष नसतं. कोणीतरी छोटा येतो, त्या तळाच्या माणसाला परवडेल अशी साधी, थोडी कमअस्सलच वस्तू देतो, आणि तिथून हळूहळू वर चढतो. त्यांचं आवडतं उदाहरण छोट्या पोलाद भट्ट्यांचं. सुरुवात बांधकामाच्या सळयांपासून, कारण सळयांत मोठ्या कारखान्यांना रस नव्हता. वर चढता चढता त्यांनी मोठ्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली.

म्हणजे मूळ लाक्षणिक अर्थातसुद्धा 'डिसरप्ट'ची सुरुवात ज्याला कोणी विचारत नाही अशा माणसापासून होते. धान्यकोठी या चौकटीत तंतोतंत बसते असं मी म्हणणार नाही. तिला वर चढायचं नव्हतं, नफा कमवायचा नव्हता, सळयांवरून पत्र्यावर जायचं नव्हतं. पण तळाच्या माणसाला परवडेल असं काहीतरी उभं करून बलदंडाच्या पायाखालची जमीन काढणं, हे तिथे होतं. सावकाराचा बाजार उठवायला सावकाराचं घर जाळावं लागलं नाही. गावाचं धान्य एका कोठीत ठेवावं लागलं, एवढंच.

म्हणजे बघा, एका माणसाने पाचेक वर्षांच्या सार्वजनिक आयुष्यात या क्रियापदाचे दोन्ही अर्थ जगून दाखवले. लाक्षणिक अर्थ धान्यकोठीत, शब्दशः अर्थ मनोऱ्यावर. आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोठी, मग मनोरा. ज्याने आधी काही उभं केलं होतं, त्याच्यामागे लोक मोडायलाही गेले. नुसता मनोरे पाडणारा वकील आला असता तर वाड्यांनी त्याला भाकरी घातली असती का, मला शंका आहे.

आमच्याकडे मात्र शब्दाचा प्रवास उलटा झाला. २०१० मध्ये 'टेकक्रंच डिसरप्ट' नावाची परिषदच सुरू झाली. फेसबुकात 'झपाट्याने पुढे जा आणि गोष्टी मोडा' अशा अर्थाचं घोषवाक्य होतं, ते २०१४ मध्ये त्यांनीच बदललं. नव्यात 'स्थिर पायाभूत सुविधा' आल्या. त्याच वर्षी इतिहासकार जिल लेपोर यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये या सगळ्या सिद्धांताची सालटी काढली. आणि २०१५ मध्ये खुद्द ख्रिस्तेन्सन यांना लिहावं लागलं, की बाबांनो, उबर माझ्या व्याख्येप्रमाणे डिसरप्टिव्ह नाहीच, कारण ते तळाच्या गिऱ्हाइकापासून सुरू झालेलं नाही. तोवर वेळ निघून गेली होती. शब्द बापाच्या हातातून सुटला होता. जो कोणी येऊन चालू धंदा हलवेल, तो डिसरप्टर.

उबरचं नाव निघालंच आहे तर आपलंच उदाहरण घेऊ. 'नही जायेगा' म्हणून काच वर करणाऱ्या टॅक्सीवाल्यांबद्दल मला अजिबात उमाळा नाही. पावसात, रात्री साडेअकराला, दारात गाडी येते याचं सुख मीही घेतो. प्रवाशाचं भलं झालं, नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशोब पुरा मांडायचा तर दुसरी बाजूही लिहावी लागते. मार्च २०१८ मध्ये मुंबईत संप केला तो काळ्यापिवळ्यावाल्यांनी नव्हे, ओला-उबरच्याच चालकांनी. म्हणणं असं, की सुरुवातीला जी कमाई सांगून गाडी घ्यायला लावली ती आता राहिली नाही आणि कर्जाचे हप्ते फिटत नाहीत. हप्ता हा फार प्रामाणिक प्राणी आहे. त्याला लाक्षणिक अर्थ कळत नाही.

इथे सिद्धगडचा हिशोब उलटा झालेला दिसतो. तिथे मोडणाऱ्याने किंमत स्वतः भरली. इथे मोडणाऱ्याने फायदा ठेवून घेतला आणि किंमत अशा माणसाच्या खात्यात लिहिली, जो त्या मीटिंगला नव्हताच. चूक झाली तर संस्थापक 'फेल फास्ट'वर भाषण देतो आणि नवी कंपनी काढतो. त्याच्याकडे परतीचा पत्ता असतो. गाडी विकून गावाला गेलेल्याकडे नसतो.

सिद्धगडच्या आसपासच याचं आणखी जुनं रूप दिसतं. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. या धरणांचं पाणी जाड्याजाड्या पाइपांतून मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. १९४२ ला डोक्यावरून तार जात होती, आज पायाशेजारून पाइप जातो. धरणासाठी गाव जातं तेव्हा आपण काय म्हणतो? "गाव उठलं." पुन्हा तेच 'उठणे', आणि पुन्हा कर्ता गायब. गाव काय पंगतीतून हात धुवायला उठलं? त्याला कोणीतरी उठवलं. चांगल्या कारणासाठी उठवलं असेल, मुंबईला पाणी लागतंच. पण उठवलं.

आता एक-दोन आक्षेप येणारच आहेत, ते आधीच घेतो. पहिला: म्हणजे काय, नवं काही करायचंच नाही? करायचं की. एसटीडी बूथ गेले, टायपिंग इन्स्टिट्यूट गेल्या, कॅसेटची दुकानं गेली, आणि त्यातलं एकही परत आणावं असं मला वाटत नाही. बदलाला किंमत असते, आणि बऱ्याचदा ती देण्यासारखी असते. माझं भांडण किंमत असण्याशी नाही, ती लपवणाऱ्या शब्दाशी आहे. दुसरा: मग आज कोणी टॉवर पाडला तर तो हुतात्मा का? नाही. भाईंच्या समोरच्या सरकारला त्या वाड्यांनी निवडून दिलेलं नव्हतं आणि काढूनही टाकता येत नव्हतं. आज टॉवर पाडला तर अंधार आधी इस्पितळात होईल आणि मग तुमच्या-माझ्या घरात. १९४२ चं उत्तर आज चालणार नाही. १९४२ चे प्रश्न मात्र चालतील.

ते प्रश्न तीनच आहेत. पुढच्या वेळी कोणाच्या स्लाइडवर, किंवा आपल्याच स्लाइडवर, हे क्रियापद दिसलं की खाली हे तीन रकाने काढा. एक, नक्की काय मोडणार आहे? 'इंडस्ट्री' नको, वस्तूचं किंवा माणसाचं नाव हवं. दोन, ज्याचं मोडणार त्याच्याकडे परतीचा पत्ता आहे का? म्हणजे हा इंटरप्ट आहे की डिसरप्ट? तीन, किंमत मोडणारा भरणार आहे की दुसराच कोणी? आणि जमलं तर एक बोनस रकाना: मोडण्याआधी आपण काही उभं केलंय का? कोठी आहे, की नुसतीच करवत?

हे रकाने भरून झाल्यावरही तुम्हाला डिसरप्ट करावंसं वाटलं, तर जरूर करा. तेवढं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मी वस्तूही आनंदाने विकत घेईन. पण रकाने रिकामे असतील तर निदान शब्द तरी खरा वापरा. स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहा, बाजार उठवणे. गुंतवणूकदाराला कळलं नाही तर समजावून सांगा.

आणि या पावसाळ्यात ग्रुपबरोबर सिद्धगडला गेलात तर त्या स्मारकापाशी पाच मिनिटं थांबा. दर वर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात, तेव्हा गेलात तर उत्तमच, थंडीही मस्त असते. ट्रेकच्या मेलमध्ये 'ईझी टू मॉडरेट' लिहिलेलं असतं. चढाईबद्दल ते खरं असेल, बाकी फारसं काही ईझी नाही तिथे.

असो. रविवार संपत आला, उद्या नऊ वाजता स्टँडअप आहे. प्रतिक्रिया येऊ द्यात, विशेषतः ज्यांचा बाजार उठलाय त्यांच्या.